शेकडो पानांचा कटऑफ आणि भिंतीवरचा एक ए-थ्री कागद

आधी परिस्थिती सांगतो. माझ्या मावसबहिणीची मुलगी, अकोल्याची, २०२५ ला एमएचटी-सीईटी (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) दिली, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपला ९३ च्या आसपास पर्सेंटाइल, ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवलेलं, वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते, आणि या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच. जेईई दिलीच नव्हती त्यामुळे सगळी मदार राज्याच्या कॅप राउंडवर, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांवर. मी पुण्यात एमआयएसचं काम करतो, दिवसभर एक्सेल नि चार्ट, म्हणून ताईचा फोन आला की बाबा तूच बघ जरा, आम्हाला काही उमगत नाहीये.

माहिती कमी होती असं अजिबात नाही. सीईटी सेलच्या साइटवरून उतरवलेल्या कटऑफच्या, म्हणजे कुठल्या जागेवर शेवटचा प्रवेश कितीला झाला त्याच्या, पीडीएफ होत्या, एनआयआरएफची (केंद्र सरकारचं कॉलेज रँकिंग) यादी होती, कॉलेजांचे गुळगुळीत ब्रोशर, यूट्यूबवरचे टॉप टेनवाले व्हिडिओ, दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि प्रत्येक नातेवाइकाचं एकेक ठाम मत. एका काउन्सिलिंगवाल्याने फॉर्म भरून द्यायचे १५ हजार सांगितले आणि नमुन्याला एक यादी दिली, ती बघितली तर कॉलेजं कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावलेली, बाकी काही नाही. पंधरा हजार म्हणजे त्या घरात काय असतात हे मला माहितीय, त्यामुळे मी म्हटलं थांबा, पैसे देऊ नका, आपण आधी प्रश्न काय आहेत ते लिहून काढू.

प्रश्न तीनच निघाले, आणि तिघांचे तीन. भाची म्हणाली, "मामा, मला नक्की कुठे मिळू शकतं तेवढं सांग ना." ताईचं म्हणणं, एवढ्या लांब पोरगी पाठवायची तर तिथून पुढे पोरांचं होतं काय? आणि भाऊजी शांतपणे म्हणाले, घरातून किती जातील. मला वाटतं कुठल्याही घरात थोड्याफार फरकाने हेच तीन प्रश्न असतात, आणि बाजारात फिरणारे बहुतेक चार्ट यातल्या एकाचंही उत्तर देत नाहीत, कारण ते सगळ्यांसाठी काढलेले असतात. राज्यातली टॉप कॉलेजं दाखवणारा रंगीत चार्ट बघायला छान वाटतो पण त्यात ही पोरगी कुठे उभी आहे तेच नसतं. चार्ट एका मुलासाठी काढला तरच त्याच्यावरून निर्णय होतो, हे मी या प्रकरणात पुन्हा पुन्हा बघितलं.

पहिला प्रश्न: कुठे मिळेल?

इंजिनिअरिंगचा कटऑफ उघडला की सुरुवातीलाच येतं ०१००२, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अमरावती. ते पहिल्या नंबरचं म्हणून नव्हे, कोडमुळे. बहुतेक कॉलेजांच्या कोडचे पहिले दोन आकडे विभाग सांगतात, ०१ अमरावती, ०२ छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), ०३ मुंबई, ०४ नागपूर, ०५ नाशिक, ०६ पुणे. हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते, कारण शेकडो पानं एकसारखी दिसायची बंद होतात. खाली प्रत्येक ब्रँचचा एक तक्ता, वर आडवे कोड, जीओपनएच, जीओबीसीएच, एलओपनएच, एलओबीसीएच असे, आणि प्रत्येक खान्यात दोन आकडे, वरती मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, आणि खाली कंसात पर्सेंटाइल. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधलं अक्षर प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर फार महत्त्वाचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या जागा, ओ म्हणजे इतर विद्यापीठातून येणाऱ्यांच्या, एस म्हणजे राज्यपातळीवरच्या.

भाची अकोल्याची म्हणजे तिचं होम संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. शेगावचं किंवा बडनेऱ्याचं कॉलेज असेल तर तिने एचचे खाने बघायचे, पुण्यानागपुरातल्या खाजगी कॉलेजात ओचे, आणि अमरावतीचं सरकारी कॉलेज स्वायत्त असल्याने तिथे एसचे. लोक काय करतात, तर सगळीकडे पहिला खाना बघतात, म्हणजे ओपन जनरल, आणि म्हणतात आपलं नाही होणार. तिच्यासाठी एका कॉलेजच्या एका ब्रँचला चार खाने लागू होते, जनरल ओपन, लेडीज ओपन, जनरल ओबीसी, लेडीज ओबीसी. फॉर्ममध्ये यातला कुठला खाना पाहिजे ते निवडावं लागत नाही, ब्रँचचा चॉइस कोड टाकला की ज्या ज्या जागांना ती पात्र आहे त्या सिस्टीमच तपासते. मग चार्टवरही चार ठिपके कशाला, चारपैकी जो सगळ्यात सैल, म्हणजे सगळ्यात कमी पर्सेंटाइलला मिळणारा, तो एकच ठेवायचा. हा एवढा एक नियम लावला आणि चौथ्या हिश्शाचा पसारा उरला. आणि हो, लेडीज ओबीसी दरवेळी सगळ्यात सैल असतोच असं नाही, काही ठिकाणी जनरल ओबीसी खाली गेलेला असतो, त्यामुळे हे डोळ्याने न करता फॉर्म्युल्याने करायचं.

पीडीएफमधून आकडे काढायला एक्सेलच्या नव्या व्हर्जनमध्ये पॉवर क्वेरीत थेट पीडीएफ घेता येते, किंवा टॅब्युला नावाचं फुकट टूल आहे. दोन्हीकडे थोडी साफसफाई करावी लागतेच, खाना रिकामा असला की आकडे शेजारच्या कॉलममध्ये सरकतात, त्यामुळे प्रत्येक कॉलेजची दोनचार ओळी मूळ पीडीएफशी ताडून बघायच्या, हा वेळ वाचवू नका. या पीडीएफसोबत एक साधी सीएसव्ही (एक्सेलमध्ये थेट उघडणारी फाइल) मिळायला लागली तर राज्यातल्या लाखो घरांचं काम हलकं होईल असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, पर्सेंटाइल. घरात सगळे ९३, ९३ करत होते आणि मागच्या वर्षीच्या कटऑफमधला ९३ शोधत होते. पण पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शेकडा किती आहेत. २०२४ ला पीसीएमची परीक्षा दिलेली पोरं तीन लाखांच्या आसपास होती, २०२५ ला सवाचार लाखांच्या घरात. ९३ म्हणजे शंभरातले ७ पुढे, तर तीन लाखांत २१ हजार पुढे आणि सवाचार लाखांत जवळपास ३० हजार पुढे. तोच ९३, पण रांगेत आठनऊ हजारांनी मागे. मग पर्सेंटाइल सोडून नुसता मेरिट नंबर बघावा का? तेही पूर्ण बरोबर नाही, कारण दरम्यान जागाही वाढल्या, कॉम्प्युटरच्या तुकड्या तर भराभर वाढल्यात, आणि परीक्षा देणारा प्रत्येक जण कॅपला येतो असंही नाही. म्हणजे खरं उत्तर या दोनच्या मध्ये कुठेतरी.

म्हणून मी तिची रेघ न काढता तिचा पट्टा काढला. पट्ट्याची एक कड म्हणजे २०२४ ला एवढ्याच पर्सेंटाइलला जो मेरिट नंबर होता तो, आणि दुसरी कड म्हणजे तिचा स्वतःचा २०२५ चा मेरिट नंबर. मध्ये फिकट करडा रंग. हा पट्टा म्हणजे या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कारण एक आकडा दिला की माणूस त्याच्यावर अडून बसतो, पट्टा दिला की आपोआप "इथे कदाचित, इथे बहुतेक, इथे नाही" असं बोलायला लागतो. आईवडिलांना अनिश्चितता समजावून सांगायला यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही.

बाकी चार्ट एकदम साधा. आडव्या अक्षावर मेरिट नंबर, डावीकडे १ आणि उजवीकडे साठ हजार. उभ्या अक्षावर एका ओळीत एक कॉलेज-ब्रँच. प्रत्येक ओळीत तीन वर्षांचे ठिपके, २०२२, २०२३ आणि २०२४, त्यात पहिल्या राउंडचा पोकळ आणि शेवटच्या राउंडचा भरीव, आणि दोघांना जोडणारी बारीक रेघ. एक्सेलमध्ये हे स्कॅटर चार्टने होतं, एक्सला मेरिट नंबर, वायला ओळीचा क्रमांक, आणि नावं डेटा लेबलमध्ये सेलमधून उचलायची. रंग वापरले नाहीत, कारण अकोल्यात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काळीपांढरीच निघणार होती. पट्ट्याच्या उजवीकडे ठिपके म्हणजे मिळण्यासारखं, पट्ट्यात म्हणजे प्रयत्न करून बघायचं, डावीकडे म्हणजे नशीब फळफळलं तर.

पुण्यातलं कॉम्प्युटर, जे तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या तोंडी होतं, ते जवळजवळ सगळंच्या सगळं पट्ट्याच्या डावीकडे पडलं. सीओईपी किंवा पीआयसीटी या पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजांच्या कॉम्प्युटरला ओपनचा कटऑफ ९९ च्या वर असतो हे तिला तोंडपाठ होतं, पण त्याखालच्या कॉलेजांचं काय हे धूसर होतं, ते आता एका नजरेत दिसलं आणि गंमत म्हणजे तिला वाईट वाटलं नाही, उलट मोकळी झाली. कारण त्याच कागदावर होम युनिव्हर्सिटीतल्या कॉलेजांचं आयटी नि इलेक्ट्रॉनिक्स पट्ट्यात आणि पट्ट्याच्या जरा उजवीकडे बसलेलं दिसत होतं, ज्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. एआय-डेटा सायन्सच्या नव्या ब्रँचना एखाददुसरंच वर्ष झालेलं, तिथे एकुलता एक ठिपका, आणि एका ठिपक्यावर विसंबायचं नाही असं तिला सांगावंही लागलं नाही, तीच म्हणाली की याचं काही खरं नाही मामा.

दुसरा प्रश्न: तिथून पुढे काय?

ब्रोशरमधलं हायेस्ट पॅकेज बाजूला ठेवलं. एका पोराला ४० लाख मिळाले त्याने ताईच्या पोरीचं काय होणार? एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजांनी भरून दिलेली माहिती त्यांच्या वेबसाइटवर असते, आणि तिच्यातला प्लेसमेंटचा तक्ता मला रँकपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षाला किती आले, डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमाची किती आली, ठरल्या वेळेत किती पास झाले, किती प्लेस झाले, मीडियन (म्हणजे रांगेतल्या मधल्या पोराचा) पगार किती, पुढे शिकायला किती गेले. सगळं एका ओळीत.

हे ताईला टक्केवारीत सांगितलं तर डोक्यावरून गेलं असतं, म्हणून प्रत्येक कॉलेजचे शंभर ठिपके काढले, दहा बाय दहा. समजा एका कॉलेजात डिप्लोमावाले धरून ३०० पोरं आली, त्यातली २२० वेळेत पास, १२० प्लेस, ३० पुढे शिकायला. तर शंभरातले ४० ठिपके काळे, १० रेघांचे, २३ पोकळ म्हणजे पास पण दोन्हीकडे नाव नाही, आणि उरलेल्या २७ जागी फुली म्हणजे वेळेत निघालेच नाहीत. खाली मीडियन पगार. बस. ताईने सगळ्यात आधी फुल्या मोजल्या. "एवढी पोरं मागं राह्यतात?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि तो योग्यच होता, कारण कंडक्टरच्या घराला एक वर्ष जास्त लागणं म्हणजे काय हे तिला कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त कळतं. छेद कुठला घेतला यावर सगळा खेळ असतो. कॉलेज सांगताना "पात्र विद्यार्थ्यांपैकी" असं सांगतं, आणि पात्र कोण ते तेच ठरवतं, त्यामुळे मी नेहमी आत आलेल्या सगळ्यांनी भागतो.

या चित्राच्या दोन मर्यादा मी कागदावरच खाली ठळक लिहिल्या. एक म्हणजे एनआयआरएफचे हे आकडे चार वर्षांच्या सगळ्या ब्रँच मिळून असतात, फक्त इलेक्ट्रॉनिक्सचं काय ते त्यातून कळत नाही. दुसरं म्हणजे आकडे दीडदोन वर्षं जुने असतात, आणि आयटीतली भरती दोन वर्षांत किती वरखाली होते ते सगळ्यांनी पाहिलंय. जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये नाहीत त्यांची जागा रिकामी चौकट ठेवली, अंदाज भरला नाही. रिकामी चौकट दिसली की भाऊजींनी त्या कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या पोराला फोन लावला, एसटीत असल्यामुळे त्यांची ओळख दांडगी आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा, तो लवकर सुटला. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती साइटवर बघता येते. पण जाहीर फीचा चार्ट या घराला चुकीचं चित्र दाखवतो, कारण जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे महागडं वाटणारं कॉलेज तिच्यासाठी महागडं नाहीच, खर्च होस्टेल, मेस, प्रवास आणि बाकीच्या किरकोळ फीचा. म्हणून बार चार्टमध्ये फक्त घरातून जाणारे पैसे घेतले. हा बार काढल्यावर घरच्या जवळचं आणि पुण्याचं अंतर एकदम रुंदावलं, कारण पुण्यात कॉटबेसिसवर राहायचं म्हणजे महिन्याचं गणितच वेगळं. शेगाव अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत, अमरावतीला बडनेऱ्यावरून रोज गाड्या, आणि पुणे म्हणजे एक अख्खी रात्र. नकाशा काढला होता गूगलच्या माय मॅप्सवर पण खरं सांगायचं तर त्याची गरज पडली नाही, भाऊजींना अंतरं पाठ आहेत.

फॉर्म भरताना काय झालं

इथे चार्टचा खरा उपयोग झाला असं मी म्हणेन. २०२५ ला राउंड तीनाचे चार झाले आणि नियम बदलला. पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी लागला तर तो, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी लागला तर तो. याला म्हणतात ऑटो फ्रीज. पर्याय ३०० पर्यंत टाकता येतात पण सगळं वजन पहिल्या सहात आलं.

लोक यादी कटऑफच्या क्रमाने लावतात. वाटप होताना सिस्टीम तुमच्या पहिल्या पर्यायापासून खाली बघत येते, जिथे पहिली जागा मिळते तिथे थांबते, त्यामुळे कटऑफ काय आहे याच्याशी क्रमाचा संबंधच नाही, क्रम आवडीचा पाहिजे. वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जात नाही. पण पहिल्या सहात "असू दे एक" म्हणून टाकलेलं नको असलेलं कॉलेज लागलं तर अडकलात. मी भाचीला कात्री दिली, अक्षरशः, आणि म्हटलं कागदावरच्या ओळी काप आणि जमिनीवर आवडीप्रमाणे लाव. चाळीसेक पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या मागे शंभर ठिपक्यांवरचे चार आकडे आणि महिन्याचा खर्च लिहिलेला. ती आणि ताई संध्याकाळभर बसल्या, एकदा जोरात वादही झाला कारण ताईला शेगाव एक नंबरला हवं होतं, महाराजांच्या गावी पोरगी सुरक्षित राहील म्हणून, आणि भाचीला अमरावतीचं सरकारी. शेवटी भाऊजींनी दोन्ही पट्ट्या उचलल्या, फुल्या मोजल्या, आणि सरकारी वर ठेवली. मी व्हिडिओ कॉलवर होतो, मध्ये बोललो नाही.

पहिल्या सहात दोन करड्या पट्ट्याच्या डावीकडची, तीन त्या पट्ट्याच्या आतली, एक उजवीकडची, सहाही तिला खरोखर हवी असलेली. त्याखाली बाकीची, आणि तळाला चारपाच एकदम उजवीकडची, हात रिकामा राहू नये म्हणून. पहिल्या राउंडला नववा पर्याय लागला, बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती जागा हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या राउंडला थांबलो. दुसऱ्यात सातवा. तिसऱ्यात चौथा लागला, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, होम युनिव्हर्सिटीतच, ऑटो फ्रीज झाला आणि घरात कुणाला धक्का बसला नाही कारण ती पट्टी सगळ्यांनी हाताळलेली होती. काउन्सिलिंगवाल्याच्या यादीत हा पर्याय तळाशी होता, कारण त्याने ओपनचा खाना बघून क्रम लावलेला.

शीट आता तिच्या मैत्रिणींकडे फिरतेय. वरच्या दोन सेलमध्ये मेरिट नंबर आणि प्रवर्ग बदलला, तिसऱ्यात होम युनिव्हर्सिटी निवडली की पट्टा नि ठिपके आपोआप सरकतात. दोन गोष्टी अजून नीट बसलेल्या नाहीत. एक, २०२४ पर्यंत शेवटचा राउंड तिसरा होता आणि २०२५ पासून चौथा, त्यामुळे शेवटच्या राउंडचे भरीव ठिपके वर्षावर्षांत थेट तुलना करता येत नाहीत, मी सध्या २०२५ चे तिसऱ्या राउंडचे आकडे वेगळ्या खुणेने दाखवतोय. आणि दुसरं टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा. एका मैत्रिणीला तीच जागा हवीय, ओपनमधली आहे, वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण या जागा ५ टक्के, म्हणजे साठच्या तुकडीला तीन, आणि तीन जागांचा कटऑफ एका हुशार पोराने फॉर्म भरला की हजारोंनी सरकतो. तिच्यासाठी ठिपके काढून टाकलेत आणि प्रत्येक ओळीत तीन वर्षांतल्या सगळ्यात कडक आकड्यापासून सगळ्यात सैल आकड्यापर्यंत एक जाड रेघ ठेवलीय. रेघा इतक्या लांब आल्यात की निम्म्याहून जास्त तिच्या पट्ट्याला छेदून जातात, आणि तिला मी तेच सांगितलंय, की यातलं कुठलंही लागू शकतं, तू फक्त क्रम आवडीचा लाव.